चौथ्या दिवशी तिथे कोण असेल?

नमस्कार डॉक्टर मॅडम,

मी मूळची अहिल्यानगरची, आमच्या तोंडी अजून नगरचीच. बीडीएस झाल्यावर दीड वर्ष तिथेच एका दवाखान्यात काम केलं, मग लग्न होऊन न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आले. इथे दंतवैद्य म्हणून काम करायला वेगळी परीक्षा द्यावी लागते. तिची फी आणि तयारी दोन्ही तीन वर्षांत जमलेली नाही, म्हणून एका क्लिनिकमध्ये डेंटल असिस्टंट आहे. सक्शन धरते, अवजारं धुते. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवतात.

आमच्या चर्चमध्ये निम्मी कुटुंबं पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशातली आहेत. ऑगस्टमध्ये चर्चची एक टीम टोंगाच्या हापाई बेटांवर दोन आठवडे दातांचं शिबिर घेणार आहे. टीमचे प्रमुख एक निवृत्त दंतवैद्य आहेत, फार भले गृहस्थ. ते म्हणाले, ‘तू डेंटिस्ट आहेस, तिथे दात काढायला हात कमी पडतात, आणि तिथे कोणी कागद विचारत नाही.’ रोज सकाळी प्रार्थना करून रुग्ण घ्यायचे आणि संध्याकाळी सभा, असा बेत आहे. आई म्हणते देवाचं काम आहे, नाही म्हणू नकोस. माझ्या पणजीचा जीव मिशनच्या दवाखान्यात वाचला होता, ते ऋण तिच्या मनात आहे. नवरा म्हणतो भानगडीत पडू नकोस. जाऊ का? गेले तर काय काय नेऊ?

रिबेका (नाव बदललं आहे)

*

प्रिय रिबेका,

वयाने तू माझ्या भाचीएवढी, म्हणून एकेरीत लिहिते.

आधी कागदाचं. ‘तिथे कोणी कागद विचारत नाही’ हे वाक्य मी पाड्यापाड्यावरच्या शिबिरांत इतकं ऐकलंय की आता कोणी म्हणालं तर हसू येतं. म्हणणाऱ्याच्या मनात पाप नसतं. पण टोंगा म्हणजे पाडा नव्हे आणि पाडा म्हणजेही उघडं रान नव्हे. लाखभर वस्तीचं ते राज्य आहे. राजा आहे, संसद आहे, आरोग्य मंत्रालय आहे, राजधानी नुकुआलोफाच्या वायोला रुग्णालयात दंतविभाग आहे, आणि बाहेरून येणाऱ्या डॉक्टर-दंतवैद्यांची तात्पुरती नोंदणी करून घ्यायचा त्यांचा कायदाही आहे. कोणी विचारत नसेल तर आपण होऊन सांगायचं.

आणि तुझी बाजू तुला वाटते तेवढी लंगडी नाही. तू ऑकलंडमध्ये असिस्टंट असशील, महाराष्ट्रात दंतवैद्यच आहेस. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी चालू आहे ना? नसेल तर आधी नूतनीकरण कर. मग त्यांच्याकडून ‘गुड स्टँडिंग’चा दाखला मागव, पदवीच्या प्रती जोड, आणि प्रमुखांना सांग की हे सगळं टोंगाच्या मंत्रालयाकडे पाठवा. सोबत स्वच्छ लिहायचं: न्यूझीलंडची परीक्षा दिलेली नाही, तीन वर्षं रुग्णाच्या तोंडात हात घातलेला नाही. ते ‘चालेल’ म्हणाले तर पहिले दहा-बारा दात प्रमुखांच्या नजरेखाली काढ. ते ‘नको’ म्हणाले तर असिस्टंट म्हणून जा. नाक मुरडू नकोस. अशा शिबिरांत दात काढणारे खूप भेटतात, अवजारं नीट निर्जंतुक करणारं माणूस क्वचित भेटतं.

मी सुवाला, फिजीत, काही वर्षं दंतशास्त्र शिकवायला होते. वर्गात टोंगा, सामोआ, किरिबातीची मुलं असायची. पॅसिफिकमधल्या पुष्कळ बेटांवरचे दंतवैद्य तिथेच शिकून जातात. तेव्हा ‘तिथे डॉक्टरच नाहीत’ असं कोणी म्हणालं तर खुशाल दुरुस्त कर. आहेत, कमी आहेत, आणि त्यांच्याकडे सामान अधूनमधून संपतं. तू दोन हजार किलोमीटरवरून देवदूत म्हणून उतरतेस तेव्हा तिथे एखादी डेंटल थेरपिस्ट (दंतवैद्य नसली तरी दात भरायला-काढायला शिकलेली) वर्षाचे बारा महिने खुर्चीमागे उभी असते, आणि तू गेल्यावरही उभीच राहणार असते. तिचं नाव-पत्ता शोधणं हे तुझं पहिलं काम, पासपोर्टच्याही आधी.

आता दात काढण्याचं.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका डोंगराळ तालुक्यात आमचं मोफत शिबिर होतं. दिवसअखेर फळ्यावर लिहिलं होतं, ‘आज १४० दात’. आम्ही फळ्यासमोर उभं राहून फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे, पण मी तो कोणाला दाखवत नाही. पंधरा दिवसांनी तिथल्या आशाताईंचा निरोप आला. एक बाई, खालची अक्कलदाढ मीच काढलेली, चौथ्या दिवशी ठणक्याने वेडी झाली होती. रक्ताची गुठळी निसटून हाड उघडं पडलं होतं, साधा ड्राय सॉकेट. दवाखान्यात पाच मिनिटांचं काम: खळगा धुवायचा, औषधी पट्टी ठेवायची. तिथे कोणीच नव्हतं. ती जीप बदलत बदलत तालुक्याला गेली, तिथे कोणीतरी आणखी दोन दात काढून दिले, ठणका तसाच. आमच्या १४० मध्ये ती एक यशस्वी दात म्हणून मोजलेली होती.

ड्राय सॉकेट तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बोलतो, हे तुला पुस्तकातून ठाऊक आहे. शिबिरं मात्र असं वागतात की जणू सगळं पहिल्या तासातच घडतं. म्हणून तुला एकच हिशोब देते, बाकी सगळं त्यातून निघेल: आज मी जे करतेय, त्याच्या चौथ्या दिवशी तिथे कोण असेल?

मांडून बघ. दोन आठवडे म्हणजे चौदा दिवस. येण्याजाण्यात आणि हापाईच्या छोट्या विमानाची वाट बघण्यात तीन-चार गेले; हवा बिघडली तर आणखी. दोन रविवार गेले. टोंगाच्या राज्यघटनेतच रविवार पवित्र ठरवला आहे, त्या दिवशी दुकान नाही, विमान नाही, शेतात कुदळ नाही. तुमचं शिबिर तर नाहीच. उरले आठ-नऊ दिवस. त्यातले दात काढायचे फक्त पहिले चार-पाच. शेवटचे दिवस किडलेल्या दातांत सिमेंट भरणं, शाळा, आणि आधी काढलेल्यांना परत बोलावून बघणं. प्रमुखांना हे पटणार नाही, कारण शेवटच्या दिवशी रांग सर्वांत मोठी असते. त्या रांगेला ‘नाही’ म्हणायचं कोणी, हे ऑकलंडमध्येच ठरवा. तिथे, त्या चेहऱ्यांसमोर, ठरवता येत नाही.

फोर्सेप उचलायच्या आधी तिथे एक प्रश्न जास्तीचा विचारायचा असतो, जो नगरला आपण सवयीने विचारत नाही. हृदयाचा. घशाच्या संसर्गातून होणारा संधिवाताचा ताप आणि त्याने झडपांना होणारी इजा पॅसिफिक बेटांवर फार आहे. टोंगाच्या शाळकरी मुलांची एको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली तेव्हा दर हजारी ३० हून अधिक मुलांच्या झडपांत दोष सापडला होता, आणि त्यांतल्या पुष्कळांना काही त्रासच नव्हता. अशा मुलाची दाढ तू काढलीस, तोंडातले जंतू रक्तात गेले, खराब झडपेवर बसले, तर तू घरी पोचून कपडे धुवून वाळत घालशील तेव्हा ते तापाने फणफणत असेल. ज्यांचं निदान झालंय त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळतं, आणि त्यांची यादी स्थानिक नर्सकडे असते. ती यादी तुमच्या टेबलावर हवी. आणि लक्षात ठेव, जो आधीच कायमच्या पेनिसिलिनवर आहे त्याला दात काढण्याआधीचं संरक्षक औषध म्हणून अमोक्सिसिलिन देऊन भागत नाही, वेगळ्या गटातलं लागतं. झडप बदललेली असेल तर वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध, चालू असू शकतं. मोठ्यांत मधुमेह घरटी आहे, तेव्हा ग्लुकोमीटर न्या. या तीन गोष्टी विचारायला माणशी दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांमुळे फळ्यावरचा आकडा कमी होतो. होऊ दे.

शेजारच्या सामोआत काय झालं ते तुला तिथल्या मैत्रिणी सांगतील. जुलै २०१८ मध्ये सवाई बेटावर दोन तान्ह्या बाळांना गोवराची लस देताना नर्सेसनी पावडरीत पाण्याऐवजी स्नायू सैल करणारं, भुलीच्या वेळचं औषध मिसळलं. दोन्ही बाळं गेली. लस निर्दोष होती. पण लसीकरण काही महिने बंद पडलं, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली तेव्हा ८३ जीव गेले, बहुतेक पाच वर्षांखालची लेकरं. छोट्या बेटावर चूक एका माणसापुरती राहत नाही. तुमच्या हातून काही झालं तर लोक तुमच्यावर रागावणार नाहीत, तुम्ही विमानात असाल. ते रागावतील त्या खुर्चीमागच्या थेरपिस्टवर.

काय नेऊ, असं विचारलंयस. जुनी खुर्ची, जुना कॉम्प्रेसर, कोणाच्या तरी गॅरेजमधलं एक्स-रे मशीन, यांतलं काही नेऊ नका. अमेरिकेतून दान आलेलं ११० व्होल्टचं यंत्र टोंगाच्या २४० व्होल्टला लावलं की एकदाच धूर काढतं आणि मग ते बेटावरच राहतं, कारण भंगार न्यायला जहाजाचं भाडं कोण देणार? मुदत संपायला महिना उरलेली औषधं नकोत. अ‍ॅमलगम तर मुळीच नको. त्यातल्या पाऱ्याची विल्हेवाट लावायची सोय मोठ्या देशांना जड जाते, तिथे तो समुद्रात जाईल. वापरलेल्या सुया कुठे जाळणार हे रुग्णालयाला आधी विचारा, सोय नसेल तर बंद डब्यात परत आणायची परवानगी काढा.

न्यायचं ते हातात मावणारं. स्पून एक्सकॅव्हेटर, हॅचेट, आरसा, चांगलं ग्लास आयोनोमर सिमेंट. ज्याला आपण एआरटी म्हणतो, ती विजेशिवाय, ड्रिलशिवाय, हाताने कीड खरवडून सिमेंट दाबायची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात अशाच अडचणीतून जन्माला आली. कॉलेजात आपण तिच्याकडे गरिबाघरचं काम म्हणून बघतो. सुवाला माझी किरिबातीची एक विद्यार्थिनी कंदिलाच्या उजेडात इतकं सुबक सिमेंट भरायची की माझ्या पुण्याच्या एलईडीखाली मला तसं जमलेलं नाही.

दुसरी वस्तू सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडची बाटली. एका थेंबात चार-पाच दात होतात. दात कोरडा करायचा, ओठांना व्हॅसलीन, मिनिटभर लावायचं, कीड थांबते. इंजेक्शन नाही, रडारड नाही. हे औषध, ग्लास आयोनोमर आणि फ्लोराइडची टूथपेस्ट, तिन्ही २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आली. रात्री ठणकणाऱ्या किंवा पू झालेल्या दाताला सिल्व्हर फ्लोराइड चालत नाही, हे तुला सांगायला नको. पण किडलेली जागा कोळशासारखी काळी होते, हे आईबापांना सांगायला हवं, आणि इथे मला एक प्रसंग सांगायचाय.

सुट्टीत एका टोंगन विद्यार्थ्याबरोबर मी पांगाईला गेले होते, हापाईच्या मुख्य गावी. एक आजी पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आली. वरचे पुढचे चार दात म्हणजे तपकिरी खुंटच. मुलगा फार शहाणा, तोंड उघडून बसला. आम्ही आजीला फोटो दाखवले, काळं होईल म्हणून सांगितलं, ती ‘बरं बरं’ म्हणाली. औषध लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी फोन पुढे धरून दारात हजर. पडद्यावर एक तरुण बाई, मागे धुण्याच्या यंत्राचा आवाज, आणि ती टोंगन भाषेत जे बोलत होती ते कळायला भाषा यायची गरज नव्हती. मुलाची आई. ऑकलंडला कामाला. तिला विचारलं कोणी होतं? पुढे मुलानेच गोष्ट सावरली. तो फोनकडे बघून काळे दात दाखवत खदाखदा हसला. माझा विद्यार्थी मात्र दिवसभर गप्प होता. संध्याकाळी म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे घरातला मोठा निर्णय परदेशातून येतो. पैसा तिथून येतो ना.’

टोंगाच्या उत्पन्नात परदेशातून येणाऱ्या पैशाचा वाटा जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांमध्ये मोडतो. आजीआजोबांकडे नातवंडं, आईवडील ऑकलंडला नाहीतर सिडनीला, हे तिथे घरोघर. आता तू कुठे राहतेस बघ. जिची संमती हवी ती आई दर रविवारी तुझ्या पुढच्या बाकावर बसते. जाण्याआधी चर्चमधल्या त्या बायकांना गोळा कर, काळ्या दातांचे फोटो दाखव, कोणाकोणाची मुलं कुठल्या गावात आहेत ते लिहून घे. नाताळला घरी जी खोकी आणि पिंपं भरून पाठवतात त्यात काय काय असतं तेही विचार. आपल्याकडे दुबईहून येणाऱ्या मामाच्या बॅगेत जे असायचं तेच, चॉकलेटं. ‘पाठवू नका’ म्हणू नकोस, कोणती आई ऐकेल? त्याच खोक्यात दहा ब्रश आणि फ्लोराइडवाली पेस्ट ठेवा एवढंच सांग. आणि लहान मुलाला बाटलीत गोड चहा देऊन झोपवायला आजीला तूच फोनवर मना कर, असं त्या आईला सांग. आजी तुझं ऐकणार नाही, लेकीचं ऐकेल.

कीड का वाढली, तेही समजून घेऊन जा, नाहीतर तिथे जाऊन ‘साखर खाऊ नका’चं कीर्तन करशील. ती माणसं शतकभरापूर्वी रताळी, सुरण, अळकुड्या, नारळ, मासे खात होती. १९३० च्या दशकात एक अमेरिकन दंतवैद्य दक्षिण समुद्रातली बेटं फिरला, त्याने टिपून ठेवलंय की खोबऱ्याला भाव आला की व्यापारी जहाजं मैदा आणि साखर घेऊन यायची आणि दात किडायचे. भाव पडला, जहाजं थांबली, नवी कीडही थांबली. त्या गृहस्थाने पुढे आहारावरून बरेच अचाट निष्कर्ष काढले, ते सोडून दे, पण जहाजाचं निरीक्षण पक्कं आहे. आता जहाज कायमचं लागलंय. नूडल्स, क्रीमची बिस्किटं, रंगीत पेयं. सरकार झोपलेलं नाही. गोड पेयांवर टोंगाने २०१३ मध्येच कर लावला.

पाण्याचाही भाग आहे. हापाईत पिण्याचं पाणी म्हणजे पत्र्यावरून टाकीत उतरलेला पाऊस. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नसतं. आपल्याकडे फ्लोराइड म्हटलं की यवतमाळ-चंद्रपूरकडचे पिवळे-तपकिरी दात आठवतात, तिथे ते जमिनीतून नको तेवढं येतं. इथे बरोबर उलटं. म्हणून पेस्टमधलं फ्लोराइड तिथे औषधासारखं आहे. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, थुंकायचं पण चूळ भरायची नाही. हे तुम्ही नव्याने शोधून शिकवायला जाऊ नका. टोंगात ‘मालीमाली’ नावाचा शालेय कार्यक्रम कित्येक वर्षं चालत आलाय, मालीमाली म्हणजे स्मित. जपानी स्वयंसेवक आणि तिथला दंतविभाग यांनी मिळून शाळांत फ्लोराइडच्या चुळा आणि ब्रशिंग सुरू केलं. हापाईतल्या कुठल्या शाळेत ते आज चालू आहे, कुठे चुळांचं औषध संपून बंद पडलंय, हे विचारा आणि तिथे हात लावा. स्वतःच्या टीमच्या नावाचे टी-शर्ट घालून दुसरा कार्यक्रम काढू नका.

(एक गंमत. तिथे काही तरुण मुलंमुली धडधाकट पुढच्या दातावर सोन्याची टोपी बसवून घेतात, ‘निफो कौला’ म्हणतात. निफो म्हणजे दात, कौला म्हणजे सोनं. कोणी तुझ्याकडे त्यासाठी आलं तर उपदेश करू नकोस. आपण सोनं गळ्यात घालतो, ती दातात घालतात. टोपीखाली ब्रश कसा फिरवायचा ते दाखव.)

प्रार्थनेचं आता. तुझ्या पत्रात हा प्रश्न थोडा ओशाळून आलाय, ओशाळायचं कारण नाही. टोंगात वेस्लियन मिशनरी १८२० च्या दशकात गेले, पुढे ज्याने सारी बेटं एक केली त्या राजाचा बाप्तिस्मा १८३१ चा. म्हणजे तू ज्यांना सुवार्ता सांगायला जाणार ते बहुधा तुझ्या घराण्याच्याही आधीपासून ख्रिस्ती आहेत. सकाळी प्रार्थना तुम्ही घ्यायच्या आधी ते घेतील, आणि तुमच्यापेक्षा सुरात गातील. तेव्हा प्रार्थनेला माझा विरोध नाही, रांगेला आहे. सभेला येणाऱ्याचा नंबर आधी, असं कधीही होता कामा नये, कोणाला तसं नुसतं वाटूही नये. एकाच गावात फ्री वेस्लियन, कॅथलिक, मॉर्मन अशी तीन चर्चेस असतात. शिबिर एकाच्या हॉलमध्ये लावलंत तर उरलेल्या दोघांतली ठणकणारी दाढ संकोचाने घरी बसेल. सरकारी रुग्णालयाच्या ओसरीवर लावा, नाहीतर शाळेत.

चर्च आणि सत्ता एका हातात आली की काय होतं, हे त्या गावाला नव्याने सांगायला नको. शर्ली बेकर नावाचे मिशनरी १८८० मध्ये टोंगाचे पंतप्रधानच झाले. १८८५ मध्ये राजाबरोबर वेगळं चर्च काढलं, जुन्या चर्चला चिकटून राहिलेल्यांचा छळ झाला, शेवटी १८९० मध्ये ब्रिटिशांनी बेकरना देशाबाहेर घालवलं. म्हातारपणी परत आले आणि १९०३ मध्ये वारले. त्यांचं थडगं पांगाईतच आहे, येताजाता दिसेल.

पण चर्चचा एक उपयोग असा आहे जो मला, देवळातही न जाणाऱ्या बाईला, कधी करता येणार नाही. तिथे पाद्रीबुवांच्या शब्दाला वजन आहे. रविवारच्या शाळेनंतर मुलांना जो खाऊ मिळतो तो बिस्किटाऐवजी नारळ किंवा कलिंगड असावा, हे दंतवैद्याने सांगितलं तर सल्ला होतो, पाद्रीबुवांनी सांगितलं तर पुढच्या रविवारपासून होतं. तुमच्या सभेच्या एका संध्याकाळी हे एवढंच मागा.

तुझ्या आईच्या ऋणाबद्दल. मिशनच्या दवाखान्यांनी आपल्याकडे काय केलं हे मिरजेला आणि नगरला वेगळं सांगावं लागत नाही. पण तुझ्या पणजीला वाचवणारा दवाखाना दुसऱ्या दिवशीही तिथेच होता ना? आणि तुझ्याच जिल्ह्यात जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे गेले. तेही श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांनी गावातल्या, अनेकदा निरक्षर, बायकांना बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग ओळखायला शिकवलं, आणि डॉक्टरची गरजच कमी करत नेली. १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं ते दोघांना. आईला ऋण फेडायचं असेल तर जामखेडच्या वळणाने फेडा. पांगाईच्या थेरपिस्टबरोबर दोन शिक्षिका आणि एक नर्स यांना सिल्व्हर फ्लोराइड लावायला शिकवणं तिथल्या नियमात बसतं का विचारा. ज्या मुलांना लावलंत त्यांची वही, नाव-गाव-दात-तारीख, तिच्या हातात द्या, कारण सहा महिन्यांनी ते परत लावायचं असतं.

निर्जंतुकीकरणाचं विसरत होते, आणि ते तर बहुधा तुझ्याच गळ्यात पडणार. छोटा ऑटोक्लेव्ह मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर आपला घरचा १५ पौंडांचा कुकर, तळाला जाळी, आणि पूर्ण दाब धरल्यापासून २० मिनिटं, घड्याळ लावून. शिट्या मोजू नकोस, ते वरणाचं. प्रत्येक फेरीत रंग बदलणारी पट्टी टाक आणि पट्ट्या वहीत चिकटव. उकळत्या पाण्यात बुडवून ‘झालं’ म्हणणारा कोणीतरी टीममध्ये असतोच, बहुतेक वेळा सर्वांत ज्येष्ठ माणूस. त्याच्याशी भांडायला लागेल. रांग थांबवून भांड.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. एक प्रश्न त्यानेही विचारलेला नाही, तो मी विचारते: सगळ्या टीमच्या तिकिटांचे पैसे थेट पांगाईच्या दंतविभागाला दिले तर? काही वेळा तेच बरं असतं, आणि अशा वेळी न जाणं हेच काम असतं. तुझ्या बाबतीत मला वाटतं की जावं, पण एकदाच जायचं असेल तर नको. तीन वर्षं, तेच बेट, तीच शाळा, तीच वही, असं प्रमुख कबूल करत असतील तर जा. मधल्या काळात ऑकलंडची परीक्षाही दे. हात शिवशिवतात म्हणालीस ना, त्यावर खरा उपाय तोच आहे. हापाईच्या लोकांच्या दाढा हा त्यावरचा उपाय नव्हे.

या आठवड्यात एवढं कर. वायोला रुग्णालयाच्या दंतविभागाला आणि पांगाईला एकेक पत्र लिही. वर ‘मालो ए लेलेई’, म्हणजे त्यांचा नमस्कार, खाली तुझं खरं पद, आणि मध्ये दोनच ओळी: आम्ही ऑगस्टमध्ये यायचं म्हणतोय, तुम्हाला त्या वेळी आम्ही हवे आहोत का, आणि काय हवंय? उत्तराला वेळ लागेल. ते येईपर्यंत तिकीट काढू नकोस.

तुझी,
डॉक्टर मावशी